वरून पाहताना

घराला रंग द्यायचा होता, म्हणून खिडकीवरच्या दांडीला टांगलेल्या सगळ्या कुंड्या खाली घ्याव्या लागल्या. रंगकाम करणाऱ्या मुलानंच त्या एकेक करून उतरवल्या. घाई नव्हती त्याला. लांब वेल पायाखाली येऊ नयेत म्हणून त्यानं प्रत्येकाच्या सरी हातावर घेऊन कुंडीभोवती वळवून ठेवल्या, आणि सगळ्या कुंड्या भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध, जुन्या वर्तमानपत्रांवर ओळीनं मांडल्या. शेवटची कुंडी होयाची, मेणासारख्या फुलांच्या वेलाची. ती ठेवून झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, खालून केवढं भरगच्च दिसत होतं. वरून तर मोकळंच आहे की." एवढं म्हणून तो शिडी लावायला वळला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. मी वाकून बघितलं तर खरंच, कुंडीच्या तोंडाशी पान म्हणून नव्हतं. तपकिरी, लाकडासारख्या झालेल्या आठ-दहा काड्या मातीतून वर यायच्या आणि कडेवरून खाली वळायच्या. कडेच्या खाली गेल्यावर पहिलं पान, आणि तिथून पुढे जाड, चकचकीत पानांची गर्दी. शेजारच्या लिपस्टिक प्लांटचंही, त्या लाल नळीसारख्या फुलांच्या झाडाचंही, तेच. टांगलेलं झाड आपण नेहमी खालून बघतो. त्याच्या पानांची पाठ आपल्या ओळखीची असते, फुलांची खालची बाजू ओळखीची असते, कुंडीचा तळ आणि त्यातून डोकावणारी मुळं ओळखीची असतात. पण झाड जिथून सुरू होतं ती जागा आपल्या डोक्याच्या दोन हात वर असते, आणि पाणी घालताना झारीची चोच तिथे अंदाजानं पोचते, डोळे पोचत नाहीत.

रात्री रंगाच्या वासानं झोप लागेना, तेव्हा उठून दिवा लावला आणि त्या जमिनीवरच्या रांगेकडे पुन्हा वरून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आत्याला फोन केला. झाडांचं काही अडलं की आत्या, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू टांगतेस किती उंच?" मी म्हटलं, दांडी खिडकीच्या वर आहे. "म्हणजे खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षाही वर? मग त्याच्या डोक्यावर उजेड कुठून पडणार गं?" किती सरळ गोष्ट होती ही. उजेड खिडकीतून येतो, आणि खिडकीच्या वर भिंत असते. छताजवळ टांगलेल्या कुंडीची कड आणि माती त्या भिंतीच्या सावलीत राहते. वेल वाढत वाढत चौकटीच्या खाली आला की त्याला पहिल्यांदा आकाश दिसतं, आणि तिथून तो पानं धरायला लागतो. खालून आपल्याला दिसतो तो हिरवा पडदा उजेडाच्या रेषेपाशी सुरू झालेला असतो. वरचा भाग हळूहळू एकेक पान टाकत जातो, कारण उजेड न मिळणारं पान पोसणं कुठल्याच झाडाला परवडत नाही.

उजेडाच्या बाबतीत डोळे आपल्याला फार फसवतात. लक्स हे उजेड मोजायचं माप. भर दुपारी उघड्यावर साधारण 1,00,000 लक्स उजेड असतो. खिडकीला अगदी लागून, ऊन थेट येत नसेल तर, काही हजार. आणि खोलीच्या आत, जिथे बसून आपण आरामात पेपर वाचतो, तिथे तो दोनशे-तीनशेवर आलेला असतो. डोळ्याची बाहुली मोठी होते, आतला पडदा जुळवून घेतो आणि आपल्याला वाटतं, चांगला लख्ख उजेड आहे. पानाला अशी सोय नाही. त्याला जेवढा उजेड पडतो तेवढीच साखर बनवता येते. त्यातून श्वास चालवायचा, नवं पान काढायचं, आणि यावर काही उरलं तर फूल. "झाड जगलंय पण फुलत नाही" अशी तक्रार टांगत्या फुलझाडांबद्दल जेवढी ऐकू येते तेवढी दुसऱ्या कुणाबद्दल येत नाही, आणि माझ्या मते त्यातल्या बहुतेकांचं उत्तर खताच्या बाटलीत नसून हुकाच्या जागेत असतं. हात-दोन हात खिडकीकडे सरकवलेली कुंडी जे करून दाखवते ते कुठलंही खत करत नाही.

आत्याचा होया टांगलेला नव्हताच. तिच्या खिडकीच्या गजांवर तो चढलेला होता, आणि जिथे गज संपले तिथून तिनं खिळ्याला सुतळी बांधून त्याला पुढची वाट करून दिली होती. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलं की त्या खिडकीखालची फरशी पायाला चिकटायची. फुलांतून मधाचे थेंब गळायचे, पारदर्शक आणि घट्ट, आणि सकाळी फरशीवर त्यांचे चकचकीत ठिपके दिसायचे. आत्या रोज ओल्या फडक्यानं ते पुसायची, पण वेल तिथून हलवायचा विचारही तिच्या मनात येत नसे. कळ्या आल्यावर तर कुणी गजाला हातसुद्धा लावायचा नाही. उजेडाची बाजू बदलली की होया कळ्या टाकून देतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते बघून बघून ओळखलं होतं. संध्याकाळ झाली की त्या खोलीत वास भरायला लागायचा. दिवसा नाक फुलाला लावलं तरी जेमतेम जाणवणारा तो गोड, जड वास दिवेलागणीनंतर दारापर्यंत यायचा. मला तो आवडायचा आणि थोडा नकोसाही व्हायचा. झोपताना तो उशीपर्यंत पोचायचा आणि डोकं जड व्हायचं. आजही होयाचा वास आला की त्या दोन्ही भावना एकदमच येतात, वेगळ्या करता येत नाहीत.

तिच्या वेलावर जागोजाग बोटाच्या पेराएवढ्या, गाठी-गाठींच्या बोडक्या काड्या होत्या. फुलं गळून गेल्यावर उरलेल्या. पाहुण्यांपैकी कुणीतरी एकदा ती "वाळलेली" काडी मोडायला हात पुढे केला तेव्हा आत्या ज्या आवाजात "अहो, राहू दे!" म्हणाली तो आवाज मला अजून आठवतो. त्या काड्या वाळलेल्या नसतात. होयाचा फुलदांडा एकदा फुलून संपत नाही. पुढच्या मोसमात त्याच टोकावर पुन्हा कळ्यांचा झुपका येतो, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, आणि दर बहरामागे दांडा किंचित लांबतो. जुना दांडा हातात धरून पाहिला तर त्यावर आधीच्या कळ्यांचे व्रण बारीक कड्यांसारखे मोजता येतात. मोडला तर झाडाला नवा दांडा काढण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि होया त्यासाठी आपला वेळ घेतो. सगळ्याच जाती असं करत नाहीत. काही फुलांबरोबर दांडाही टाकून देतात. पण घरोघर असतो तो मेणासारख्या फुलांचा होया, होया कार्नोसा, आपले दांडे जपून ठेवणाऱ्यांतला.

या वनस्पतींना होया हे नाव 1810 साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलं, थॉमस हॉय या माळ्याच्या आठवणीसाठी. हॉय लंडनजवळच्या सायन हाऊसमध्ये, नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या बागेत मुख्य माळी होता. राजेरजवाड्यांची, आश्रयदात्यांची नावं मिरवणाऱ्या वनस्पतींच्या गर्दीत एका माळ्याचं नाव लावलेला हा वेल मला त्यामुळे जास्त जवळचा वाटतो. त्या माणसानं झाडांना पाणी घातलं होतं, मुळं हातात घेतली होती.

फूल जवळून बघायचं असेल तर भिंग घ्यावं. झुपक्यात वीस-तीस फुलं असतात, प्रत्येकाचा देठ वेगळा पण सगळ्यांचा उगम एकाच बिंदूतून, त्यामुळे झुपका वाटोळा होतो. पाच पाकळ्या, फिकट गुलाबी, लांबून मेणाच्या वाटतात, पण भिंगाखाली त्यांच्यावर इतकी बारीक लव दिसते की मखमल आठवावी. त्या मखमलीवर मधोमध दुसरा एक तारा बसवलेला असतो, पांढरा, गुळगुळीत, खरोखर मेणचट, आणि त्याच्या मध्यावर लाल ठिपका. कळी असते तेव्हा पाचही पाकळ्यांच्या कडा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि कळीचा आकार छोट्या पंचकोनी डबीसारखा दिसतो. ती उघडते ते बहुधा रात्री. संध्याकाळी बंद डबी, सकाळी पसरलेला तारा. या फुलात पराग भुकटीसारखे उडत नाहीत. ऑर्किडमध्ये असतात तसे ते छोट्या पिवळसर गोळ्यांत बांधलेले असतात आणि मध प्यायला आलेल्या किड्याच्या पायाला वा सोंडेला त्या गोळ्या अडकतात. होया रुईच्या कुळातला आहे, आणि रुईच्या फुलातही हीच रचना असते. पान तुटलं की पांढरा चीक येतो तोही तिकडचाच.

आता हा झुपका तोंड करून असतो खाली. हेच त्या रंगकामाच्या दिवसांत माझ्या नीट लक्षात आलं. कुंड्या जमिनीवर होत्या, होयाला बहर होता, आणि वरून बघताना मला त्याच्या झुपक्यांचे फक्त देठ दिसत होते. लिपस्टिक प्लांटचं बरोबर उलट होतं. त्याच्या सरी खाली लोंबतात, पण फुलं सरीच्या टोकाशी वळून वर बघतात. आधी काळपट तांबडी नळी येते, तिच्यातून लालभडक फूल हळूहळू बाहेर सरकतं, आणि सगळी फुलं माना उचलल्यासारखी वर वाकतात. वर्षानुवर्षं मी ती खालून, पाठमोरी बघत होते. वरून बघितल्यावर कळलं की त्या लाल रंगाच्या आत पिवळसर रेघा आहेत आणि पुंकेसर वरच्या ओठाखालून बाहेर डोकावतात. मलाया आणि जावाच्या जंगलात हे झाड उंच फांद्यांवरून लोंबतं आणि फुलांशी शिंजीर येतात. पक्षी देठावर बसून वरून चोच घालतो, मध पितो, आणि पराग त्याच्या डोक्याला लागतात. पक्ष्यांना वासाशी फारसं देणंघेणं नसतं, म्हणून फूल नळीसारखं, भडक आणि बिनवासाचं. होयाच्या फुलाची वाट अंधारात शोधली जाते, म्हणून रंग फिका आणि वास रात्रीचा.

आणि घरात दोघांकडेही कुणी येत नाही.

हा विचार एकदा मनात आला की बहराचा आनंद थोडा कमी होतो, हे खरं आहे. बंद खिडकीच्या आत रात्रभर होया वास सोडत राहतो, लिपस्टिक माना उंचावून थांबते, आठवडा-दोन आठवड्यांनी फुलं गळतात. आपण मात्र त्या सगळ्याला शोभा म्हणतो. मी हे कुणापाशी बोलले की लोक म्हणतात, झाडाला कुठे काय कळतं. कळत नसेल. पण ते फूल कुणासाठी तरी घडलेलं आहे हे मला कळतं, आणि ते कळल्यानंतर मी त्याच्याकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही. म्हणून अलीकडे बहराच्या रात्री मी खिडकीची काच सरकवून ठेवते. एखादा पतंग आला तर यावा.

सांभाळण्याच्या दृष्टीनं या दोघांचे नियमही उलटे आहेत. लिपस्टिक प्लांटला फूल येतं ते सरीच्या टोकाशी. त्यामुळे बहर संपला की सर मागे छाटली तर कापल्या जागेखालून दोन-तीन फुटवे निघतात, टोकं वाढतात, आणि पुढच्या वेळी फुलंही वाढतात. होयाला तीच कात्री लावली तर पुढच्या वर्षीची फुलं आपण केराच्या टोपलीत टाकलेली असतात. शेंडा खुडल्यावर फुटवे का येतात याचं उत्तर शेंड्यातच आहे. शेंडा ऑक्सिन नावाचं द्रव्य बनवतो, ते देठातून खाली वाहतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, झोपवून ठेवतं. ऑक्सिनचा पत्ता 1920च्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञानं लावला. माळी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून नखानं शेंडे खुडत आले आहेत.

पाण्याची गोष्ट तर त्या मोकळ्या मातीनंच मला सांगितली. वरून बघितलं तेव्हा माती कडेपासून सुटून आक्रसली होती, मधे बोट घातलं तर आत ओल नव्हती. म्हणजे झारीचं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जात होतं आणि खाली बशीत दिसलं की मी समजत होते, भिजलं. ही झाडं मुळात मातीतली नाहीत. जंगलात ती मोठ्या झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत राहतात. बांडगुळासारखं त्या झाडातून काही शोषत नाहीत, फक्त बसायला जागा घेतात. तिथे मुळांना मिळतं ते शेवाळ, कुजलेल्या पानांचा चुरा, आणि पाऊस पडून गेल्यावर भरपूर हवा. चिकट, ओल्या मातीत मुळांना पाण्यापेक्षा आधी हवा कमी पडते, आणि हवेवाचून ती कुजतात. म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा कोळसा, परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) असं भुसभुशीत काहीतरी, आणि कुंडी लहान. कुंडी मोठी दिली की न वापरलेली ओल तळाशी साचून राहते. पाणी द्यायचं की नाही हे मी आता दोन गोष्टींवरून ठरवते. कुंडी खालून तळहातावर उचलून बघायची, हलकी लागली तर द्यायचं. आणि होयाचं एक जुनं पान दोन बोटांत हळूच वाकवायचं. पाणी असलेलं पान ताठ राहतं, तहानलेलं मऊपणानं वळतं. या जाड पानांत पाण्याचा साठा असतो. त्यांची श्वासरंध्रं बरीचशी रात्री उघडतात, दिवसाच्या उन्हात पाणी उडू नये म्हणून. एखादा आठवडा पाणी चुकलं तर होया रागावत नाही. रोजच्या घोट-घोट पाण्यानं मात्र तो नक्की मरतो.

छताजवळचा आणखी एक त्रास म्हणजे तिथे कीड लपते. गरम हवा वर जाते, कोरडेपणा वाढतो, आणि आपली नजर पोचत नाही. लिपस्टिक प्लांटच्या बोडक्या काड्यांच्या सांध्यात मला कापसाच्या कणाएवढं पांढरं काही दिसलं. काडी जवळ घेऊन बघितलं तर पिठ्या ढेकूण. लांबट चपटं अंग, अंगावर पीठ फासल्यासारखं मेण, कडेनं बारीक झालर, आणि एक मादी आपल्या अंड्यांच्या कापसाळ पिशवीवर अगदी स्वस्थ बसलेली. तिथून वर-खाली दोन मुंग्यांची ये-जा चालली होती. ढेकूण देठातून रस ओढतात, जास्तीचा गोडवा बाहेर टाकतात, मुंग्या तो पितात आणि बदल्यात ढेकणांना राखतात, नव्या फांदीवरही नेऊन ठेवतात. म्हणून टांगत्या कुंडीच्या साखळीवरून मुंग्यांची रांग जाताना दिसली की फुलातला मध असेल असं म्हणून सोडून देऊ नये, पेरापेराशी बघावं. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा काडीवर गुंडाळून एकेका ढेकणाला टेकवला की मेण विरघळतं आणि तो जागीच तपकिरी पडतो. आठवड्यानं पुन्हा बघायचं, कारण अंड्यांतून नवे निघालेले असतात. कंटाळवाणं काम आहे. पण प्रत्येक पेर हातात धरून, उलटून बघण्याची सक्ती याच कामानं होते, आणि नवा कोंब कुठे येतोय हे मला बहुतेक वेळा अशा वेळीच दिसलं आहे.

रंग वाळेपर्यंत कुंड्या खालीच होत्या, आणि तेवढ्यात होयानं एक लांब, बिनपानाची सर सोडली. जमिनीशी समांतर, जाड दोऱ्याएवढी, टोकाला दोन इवली पानं मिटलेली. सकाळी ती दाराकडे होती, दुपारी खुर्चीच्या पायाकडे. मी खडूनं फरशीवर खूण केली. संध्याकाळी टोक त्या खुणेपासून वीतभर सरकलेलं होतं. याबद्दल डार्विननं लिहून ठेवलेलं आहे. वेलींवरचा त्याचा अभ्यास 1865 साली प्रसिद्ध झाला. त्यात सिरोपेजियाच्या एका वेलाची हकिगत येते, आपण स्ट्रिंग ऑफ हार्ट्स म्हणून टांगतो त्या बदामी पानांच्या वेलाचा तो भाऊबंद, आणि होयाच्याही कुळातला. डार्विननं त्याचा शेंडा 31 इंच आडवा वाढू दिला आणि कुंडी अभ्यासिकेतल्या टेबलावर ठेवून घेतली. टोक सव्वापाच ते पावणेसात तासांत एक फेरा पूर्ण करत होतं, पाच फुटांहून मोठ्या व्यासाचं वर्तुळ, तासाला 32-33 इंच वेगानं, दिवसा आणि रात्रीही. आधार सापडेपर्यंत.

हे माहीत झाल्यापासून टांगलेल्या होयाकडे बघताना मी अडखळते. लिपस्टिक प्लांट लोंबतो तो त्याचा स्वभावच आहे. त्याला खाली जायचंय, तो खाली जातो. होयाच्या सरी मात्र आधार शोधत फिरतात, काही सापडत नाही, आपल्याच वजनानं खाली येतात, आणि आपण म्हणतो, काय सुंदर लोंबतोय. तरीही टोक बघावं तर ते वर वळलेलंच असतं. आत्यानं सुतळी का बांधली असेल हे मला इतक्या वर्षांनी असं कळलं. मग मीही जाड तारेचं एक कडं करून कुंडीत रोवलं आणि त्या बोडक्या सरी त्यावर गुंडाळल्या. खिडकीतला तो लांबसडक हिरवा पडदा त्यामुळे गेला. कुंडी आता गोलमटोल, जरा बुटकी दिसते. पूर्वीचं रूप मला जास्त आवडत होतं, हे मान्य करायला हवं. पण कड्यावर गुंडाळलेल्या बोडक्या सरींवर महिन्याभरात पेरापेराला पानं धरली, आणि लोंबत असताना ज्या काड्या तशाच राहिल्या असत्या त्यांच्यावर दोन नवे फुलदांडे दिसायला लागले. रूप माझं गेलं, पण झाडाचं काही गेलं नाही.

दांडीवरची आणखी एक कुंडी ख्रिसमस कॅक्टसची. तो ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांतला, सावलीतल्या ओल्या खडकांवर आणि झाडांवर वाढणारा, वाळवंटाशी संबंध नसलेला निवडुंग. त्याला पानंच नाहीत. चपट्या, कातरलेल्या हिरव्या कांड्या म्हणजे त्याचं खोड. त्याचं फुलणं रात्रीच्या लांबीवर चालतं. रात्र बारा-तेरा तासांहून मोठी झाली आणि हवेत गारवा आला की कांड्यांच्या टोकांना कळ्या धरतात. अंधार मधेच तुटलेला त्याला चालत नाही. 1938 साली हॅमनर आणि बॉनर या दोन शास्त्रज्ञांनी झॅन्थियम (कॉकलबर) या काटेरी फळांच्या तणावर दाखवून दिलं होतं की लांब रात्रीच्या मधे थोडा वेळ दिवा लावला तरी अशी झाडं फुलायची थांबतात. आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत वाचणारी माणसं आहेत, आणि दिवा नेमका त्या दांडीजवळ. रंगकामानंतर ही कुंडी मी मागच्या खोलीत नेली, जिथे सूर्यास्तानंतर कुणी जात नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी तिथे इतक्या कळ्या आल्या की कांड्या वाकल्या. फुललेली कुंडी बैठकीत आणायचा मोह मात्र आवरला. कळ्यांवर असताना जागा बदलली तर तो त्या टाकतो, आत्याच्या होयासारखाच. त्यापेक्षा आम्हीच चहाचे कप घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसलो.

दांडी आता मी खाली घेतली आहे, खिडकीच्या मध्यावर, माझ्या डोळ्यांच्या पातळीला. उजेड कुंडीच्या तोंडावर पडतो. लिपस्टिकच्या ज्या सरी खूप लांबल्या होत्या त्यांची टोकं कापली, चार-चार पेरांचे तुकडे केले, खालच्या पेरांची पानं काढली आणि त्याच कुंडीच्या मोकळ्या मधोमध खोचले. होयाच्या दोन सरी न कापता वर घेतल्या, मातीवर गोल फिरवल्या आणि केसांच्या पिनांनी पेरांशी दाबून ठेवल्या. पेर जिथे ओलीला टेकतं तिथे मूळ धरतं, ही या सगळ्या मंडळींची मोठीच सोय आहे. तरीही घाई चालत नाही. लिपस्टिकचे तुकडे महिन्याभरात रुजले. होयाच्या पेरांशी नवा कोंब दिसायला पूर्ण मोसम गेला.

होयाची एकच जोडपानी काडी कापली, ती मैत्रिणीनं नेली. चीक थांबेपर्यंत ती फडक्यात धरून उभी होती, आणि फुलं कधी येतील हे तिनं तीनदा विचारलं. मी खरं ते सांगितलं, दोन-तीन वर्षं सहज, उजेड कमी असला तर जास्तच. ती जरा हिरमुसली, पण घेऊन गेली. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "अगं, पानं वगैरे काही नाही, एक लांबलचक बोडकी सर आलीय नुसती, फार विचित्र दिसतंय. कापून टाकू का?" म्हटलं, अजिबात नको, आज संध्याकाळपर्यंत तिच्या जवळपास एक दोरी बांध.